शिवप्रियानं वाफेला लावलेले नमुने

शिवप्रिया तिचं काम सोडून देईल, ही भीती आज संध्याकाळपासून माझ्या मनातून जात नाही. रडून-भांडून सोडणारी असती तर मी समजूत घातली असती. ती तशी नाही. उद्या सकाळी ती तिच्या मार्गदर्शक मॅडमना शांतपणे फोन करेल, दुपारी नेहमीसारखी जेवेल आणि इतक्या वर्षांच्या कामाबद्दल पुन्हा एक शब्द काढणार नाही. कुणाला दोषही देणार नाही. आत्ता आतल्या खोलीत झोपली आहे. झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

ही माझी थोरली मुलगी. धाराशिवला खोली घेऊन राहते, सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते. तिचा विषय आहे बायकांच्या योनीमार्गात आणि मूत्रमार्गात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची वस्ती. पोरगी काय शिकते असं भूमच्या बाजारात कुणी विचारलं की तिचे वडील, म्हणजे कल्याणप्पा, भांड्यांच्या दुकानात बसल्या जागेवरून "दह्यावर शिकतीया" म्हणून मोकळे होतात. गिऱ्हाईक मान डोलावतं. हे सांगणं अगदीच खोटं नाही. दुधाचं दही करणारे जे जीवाणू असतात, त्यांच्या भाऊबंदातले काही निरोगी बाईच्या योनीमार्गात घर करून असतात. ते तिथं आंबटपणा राखतात आणि त्या आंबटपणात रोगाच्या जंतूंचं फारसं चालत नाही. ते कमी झाले की दुसऱ्यांची गर्दी होते. मग खाज, वास, अंगावर पांढरं जाणं, हे सगळं सुरू होऊ शकतं. मूत्राशयात एकही जंतू नसतो असं आम्ही कॉलेजात शिकलो होतो. तिथंही अशी वस्ती असते, हे मला शिवप्रियानं सांगितलं, मी भाकरी थापत होते तेव्हा. माझी भाकरी तव्यावर करपली.

तिला या गोष्टींचं वेड लहानपणापासूनचं. चौथीत असताना तिनं गल्लीतल्या पाच घरांतून वाटीवाटी विरजण मागून आणलं होतं. एकच दूध पाच वाट्यांत घालून, प्रत्येकीत एकेका घरचं विरजण टाकून फळीवर ठेवलं. सकाळी कुणाचं दही घट्ट, कुणाचं तारेचं, कुणाचं पाणचट, ते सगळ्यांना चाखायला लावलं. ज्यांचं तारेचं निघालं त्या बाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

बी.एस्सी.ला ती एसटीनं बार्शीला जायची. वाटेत सोय नाही, कॉलेजातल्या एका दाराला कडी नाही, म्हणून त्या सगळ्या मुलींनी एक रीत पाडून घेतली होती. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाणीच प्यायचं नाही. दुसऱ्या वर्षाला शिवप्रियाला लघवीची आग सुरू झाली, ताप भरला, पाठीत कळा यायला लागल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिनं तापातही त्यांना विचारलं की हा जंतू कोणता, त्याचं नाव काय. डॉक्टर हसून म्हणाले, "गोळ्या घे की. नाव कशाला पाहिजे, बारसं घालायचंय का?"

तिला त्याचा राग आला नाही. घरी येताना मला एवढंच म्हणाली, "आई, त्यांना माहीत नाही."

पुढं एम.एस्सी.ला गेल्यावर तिला कळलं की निरोगी बाईच्या अंगात काय असतं, याबद्दल पुस्तकांत जे आहे ते बहुतेक परदेशातल्या बायकांना तपासून लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या बाईचं काय, उन्हातान्हात दिवसभर राबणारीचं काय, याचं काम फार थोडं झालेलं. तिनं ऊसतोडीच्या बायकांपासून सुरुवात करायचं ठरवलं. या बायका हंगामभर फडातच राहतात, उसाच्या पाचटाच्या कोपीत. आंघोळीला आडोसा नाही, लघवीला जागा नाही. अंगावरून पांढरं जातं म्हणून कितीजणींच्या गर्भपिशव्या तरुणपणीच काढून टाकलेल्या. शिवप्रियाला हेच शोधायचं होतं की त्यातलं खरं दुखणं किती आणि उगाच घातलेली भीती किती.

ढोकीच्या बाजूला एक टोळी उतरली होती, त्यात मथुराबाई होत्या. आमच्याच तालुक्यातल्या, वयानं टोळीत सगळ्यांत मोठ्या, आणि बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. शिवप्रिया पहिल्यांदा कोपीत जाऊन बसली तेव्हा त्यांनी तिची उलटतपासणीच घेतली.

"लगीन झालंय का तुझं?"

"नाही, मावशी."

"लेकरू न्हाय, बाळ न्हाय. मग तुला काय कळतंय ह्यातलं?"

"कळत नाही म्हणूनच तुमच्याकडं आले."

मथुराबाईंना हे उत्तर आवडलं असावं. त्यांनी चहा टाकला. शिवप्रियानं बायकांना समजावून सांगितलं की आडोशाला जाऊन आपली आपणच कापसाची काडी आतून फिरवायची, नळीत घालायची, दुसऱ्या डबीत लघवी द्यायची. तिनं एक छोटा तंबू नेला होता. नाव कुठं येणार नाही, नको वाटलं तर मधूनच सोडता येईल, दुखणं निघालं तर सरकारी दवाखान्यातून औषध मिळवून देईन, सगळं सांगितलं. एरवी धुताना काही घालता का, साबण, औषध, असंही प्रत्येकीला विचारलं. सगळ्या म्हणाल्या, नुसतं पाणी. ठरलेल्या दिवशी टोळीतल्या एकूण एक बायका आल्या. ती संध्याकाळी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन धाराशिवला परतली आणि मला फोनवर म्हणाली, "आई, मथुरामावशीसारखी एक बाई प्रत्येक गावात असती तर माझं काम वर्षात झालं असतं."

नमुन्यांचा निकाल आला तो तिला हवा तसा. म्हणजे जे निघेल असं तिला वाटत होतं तेच निघालं. चांगले जीवाणू जवळजवळ नाहीतच, वस्ती उठून गेल्यासारखी. मॅडम खूश झाल्या. असा स्पष्ट निकाल फार क्वचित मिळतो म्हणाल्या. शिवप्रिया मात्र दोन दिवस तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत राहिली. तिला त्यातली एकच बाई खटकत होती. निकिता नावाची, नुकतंच लग्न होऊन टोळीत आलेली. तिच्या नमुन्यात चांगले जीवाणू भरपूर होते. तीच कोपी, तेच पाणी, तेच काम. मग ही एकटीच वेगळी कशी? दुसरं कुणी असतं तर एका बाईकडं दुर्लक्ष केलं असतं. शिवप्रिया परत ढोकीला गेली.

मथुराबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी निकाल शांतपणे ऐकला आणि मग हसायलाच लागल्या.

"ती उशिरा आली नव्हं का फडातनं. मोळ्या भरीत व्हती. तवर पानी सरलं. म्या म्हणलं, तू तशीच दे, एकीनं काय व्हतंय."

"कसलं पाणी, मावशी?"

"तुरटीचं. म्या सोता तापवलं. सगळ्यास्नी म्हणलं, आतपस्तोर चांगलं धुवा, मग जा तंबूत."

शिवप्रियानं विचारलं, एरवी काही घालत नाही म्हणाला होतात ना?

"एरवी न्हायच घालत. त्या दिशीचं तू कुठं इचारलंस?" मथुराबाई म्हणाल्या. "तू शिकलेली पोर, आमच्यासाठी एवढ्या लांबनं आलीस. तुझ्या हातात घाण द्यायची व्हय? येडाईच्या देवळात जाताना आमी न्हाऊनच जातो की."

तिनं हे मला सांगितलं तेव्हा ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. बायकांनी तिचा मान राखला होता. त्या मानापायी सगळी वस्ती धुऊन गेली होती. मथुराबाईंना तिनं शब्दानंही टोचलं नाही. चूक माझी, मी विचारायला हवं होतं, एवढंच म्हणाली.

मॅडम समजूतदार आहेत. त्यांनी सांगितलं की हंगाम संपत आलाय, टोळी गेली तर दिवाळीशिवाय परत येणार नाही, तेव्हा धुण्याचा उल्लेख करून हेच नमुने ठेवायचे का, नीट विचार कर. शिवप्रियानं विचार केला आणि ते सगळे नमुने टाकून दिले. असे नमुने कचऱ्यात फेकता येत नाहीत, आधी दाबाच्या वाफेत निर्जंतुक करावे लागतात. ते यंत्र चालू असताना तिनं मला फोन केला. मागं वाफेचा आवाज येत होता. म्हणाली, "कुकर लावलाय. वर्षभराचं काम शिजतंय." मी विचारलं, तू जेवलीस का?

मग ती पुन्हा टोळीकडं गेली. वस्ती परत बसायला वेळ द्यावा लागतो, म्हणून मधे काही आठवडे थांबली. या वेळी मथुराबाईंनीच पहारा केला. कुणी हंड्याकडं गेली की त्या ओरडायच्या. पण नमुने देण्याआधी त्यांनी शिवप्रियाला जवळ बसवून एक गोष्ट विचारली. ती मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलीय की मला पाठ झालीय.

"पोरी, हे आमचंच लिवनार का तू? म्हंजी उद्या पेपरात येतंय, ऊसतोडीच्या बायका घाणेरड्या. लोकांस्नी तेवढंच पायजे असतंय."

शिवप्रियानं तिथं शब्द दिला. घरात राहणाऱ्या, घरात नळ आणि मोरी असलेल्या बायकांचेही नमुने घेईन, माझ्या नात्यातल्या बायकांचेही घेईन, आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडीन. ते नाही मिळाले तर तुमचंही छापणार नाही.

असा शब्द तिनं द्यायला नको होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. शास्त्राच्या दृष्टीनंही तुलना लागतेच, हे मला कळतं. पण तुलना कमी पडली तर माणूस जेवढं आहे तेवढं लिहितो. तिनं तो रस्ता स्वतःच बंद करून घेतला. आणि तरी, माझ्या मुलीनं कोपीत बसून एका बाईला असं वचन दिलं याचा मला जो अभिमान आहे, तो मी तिच्यासमोर कधी बोलून दाखवलेला नाही.

दुसऱ्या खेपेचे नमुने चोख आले. पण तिच्या प्रयोगशाळेतला पहिला निकाल सोपा नाही आला. काही बायकांची वस्ती अगदी निरोगी, काहींची बिघडलेली, आणि पिशवी काढायला सांगितलेल्या दोघींच्या नमुन्यांत तर साध्या गोळीनं बरं होणारं दुखणं निघालं. त्यांना तिनं औषध मिळवून दिलं. आठवड्याभरात टोळी गावाकडं परतली. आता फक्त घरच्या बायका राहिल्या होत्या.

त्यासाठी तिनं येरमाळा निवडलं. तिथं आमच्या थोरल्या जाऊबाई राहतात, सिद्धम्मा. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. हमरस्त्यावर त्यांच्या मुलांची दुकानं आहेत, घरात तीन सुना आहेत, आणि आमच्या समाजातल्या बायका कुठल्याही कामाला अक्कांना विचारल्याशिवाय हात घालत नाहीत. शिवप्रियाला वाटलं, इथं तर आपलंच घर. तिनं अक्कांच्या गल्लीत एक खोली मागून घेतली, पडदा लावला, खुर्च्या मांडल्या. बायका आल्या, चहा प्यायल्या. पगार किती मिळतो, मुलगा बघायचा का, असं सगळं विचारून झालं. काडीचं नाव निघालं की एकीला सोमवार, एकीला उपवास, एकीची पाळी, एकीची सासू वाट बघतेय. एक बाई जाता जाता म्हणाली, "आम्ही काय ऊसतोडीच्या आहोत का?" शिवप्रियानं ते मनाला लावून घेतलं नाही, पण मला सांगायलाही विसरली नाही.

तीन वेळा तेच झालं. पुढच्या सविस्तर तपासणीसाठी पुण्याच्या प्रयोगशाळेत दोन्हीकडचे नमुने एकत्रच द्यायचे आहेत आणि तिची शिष्यवृत्ती या महिन्याअखेर संपते. आज चौथ्यांदा खोली उघडून ती दुपारपर्यंत रिकाम्या खुर्च्यांसमोर बसली. मग कुलूप लावून अक्कांकडं जेवायला गेली. तिथं जे झालं ते तिनं संध्याकाळी घरी येऊन ओट्याशी उभ्या उभ्या सांगितलं.

अक्कांनी तिला पोटभर वाढलं. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर केली होती, आग्रह करकरून दोनदा वाढली. आणि हात धुताना म्हणाल्या, "अव्वा, पोरी, बायकांना मीच नको म्हटलंय. तुझ्यापासून लपवून काय करू."

शिवप्रियानं विचारलं, का?

"माझं असंच सुरू झालं होतं. अंगावरून जायचं म्हणून तपासायला गेले. आधी काडी घातली, मग फोटो काढला, मग म्हणाले पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. तेव्हा माझं वय तुझ्यापेक्षा थोडंच जास्त होतं. तेव्हापासून या हाडांत जीव नाही. माझ्या सुना मी काडीला देणार नाही. तू पोटच्या पोरीसारखी आहेस, म्हणून जेवू घालते. पण सुना देणार नाही."

मी शिवप्रियाला विचारलं, मग तू काय म्हणालीस? ती म्हणाली, पाया पडले आणि एसटी धरली.

मी चिडले. हे सगळं काम नेमकं त्यासाठीच आहे ना, असं मी तिला म्हटलं. साध्या पांढऱ्या पाण्यासाठी पुन्हा कुणी असं सांगू नये, आपल्या बायकांत निरोगी काय हे डॉक्टरांनाही कळावं, म्हणूनच ना? अक्कांना हे सांगायचं सोडून तू हुग्गी खाऊन आलीस?

तिनं पातेलं घासायला घेतलं. मग म्हणाली, "आई, त्यांना मी काय सांगू? तुमची पिशवी कदाचित विनाकारण काढली, असं? आणि त्यावर माझ्यासाठी नमुने मागू? त्यांच्या दुखण्याचा भाव करून मला काही घ्यायचं नाही."

मी म्हटलं, मग माझा नमुना घे. माझ्यापासून सुरुवात कर, बायका बघतील.

"तुझं वय बसत नाही," ती हसली. "आणि तू माझी आई. ते चालत नाही."

मग तिनं सांगून टाकलं की उद्या मॅडमना कळवते. मथुरामावशीला दिलेला शब्द मोडायचा नाही, म्हणून सगळंच थांबवते. मावशीच्या टोळीचं तेवढंच लिहिणार नाही. एवढं बोलून तिनं पातेलं पालथं घातलं आणि झोपायला गेली.

मी तेव्हापासून बसून विचार करतेय. तिला अक्कांसमोर ते बोलता आलं नाही, हे बरोबरच आहे. तिच्या तोंडून ते मागणं झालं असतं. पण मला बोलता येईल. अक्कांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात त्यांच्या उशाशी मी होते. शिवप्रिया तेव्हा माझ्या पोटात होती. भूल उतरल्यावर अक्कांनी मला पहिलं विचारलं होतं, "काढलं त्यात काय निघालं गं?" ते आम्हाला कुणीच सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही, कारण असं विचारता येतं हेच आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. आज शिवप्रिया प्रत्येक बाईला तिच्या नमुन्यात काय निघालं ते समोर बसून सांगते. ढोकीच्या त्या दोघींना तिनं ऑपरेशन नको, गोळी पुरेल, हे सरकारी डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतलं. हे अक्कांना अजून कुणी सांगितलेलंच नाही. त्यांना वाटतंय की काडी पिशवी काढण्याकडं नेते. ही काडी तिथून परत आणणारी आहे.

मी त्यांच्या सुनांना मागणार नाही. नमुन्याचं नावही काढणार नाही. मी फक्त म्हणणार आहे की अक्का, ढोकीच्या दोन बायकांची पिशवी कशी वाचली, ते शिवप्रियाला तुमच्या सुनांसमोर, तुमच्या गल्लीतल्या बायकांसमोर विचारा. तुमच्या वेळी जे जे विचारायचं राहिलं ते सगळं विचारा. तुमचं समाधान नाही झालं तर मी स्वतः त्या खोलीचा पडदा काढून घरी घेऊन येईन. त्या रागावतील. जुनं कशाला उकरतेस म्हणतील. कन्नडमध्ये दोन-चार सुनावतीलही, मला ते सगळं कळतं हे त्यांना ठाऊक असूनही. सुनावू देत.

शिवप्रियाला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती नको म्हणेल, आणि तिनं नको म्हटलं की माझा धीर जातो. मॅडम विद्यापीठात दहाला येतात, त्याआधी ती त्यांना फोन करणार नाही. अक्का पहाटे उठतात, आंघोळ करून लिंगपूजेला बसतात. पूजा होऊन त्यांनी कपाळाला विभूती लावली की त्या चहाची वाट बघत ओसरीवर येतात, आणि तेव्हा फोन त्यांच्या हातातच असतो. त्या वेळी मी त्यांना फोन करणार आहे.